पनवेलचे चाक आणि विचुंब्याचा रस्ता

इंग्रजी अमदानीतल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये प्रत्येक गावाच्या नोंदीत तिथला मुख्य धंदा एका ओळीत सांगून टाकलेला असे. कुठे कापड, कुठे कागद, कुठे तांब्याची भांडी. पनवेलच्या नोंदीत गाडीची चाके बनवण्याचा धंदा आहे. आज पनवेल म्हटले की कुणाला स्टेशन आठवते, कुणाला पळस्पे फाट्यावरची कोंडी, तर कुणाला नवा विमानतळ. लोक आवर्जून चाके घ्यायला यायचे ते हेच गाव, हे पनवेलकरांच्याही फारसे स्मरणात नाही.

चाकांचा धंदा इथेच रुजला, कारण जागाच तशी होती. मुंबईहून माल गलबतांतून खाडीने पनवेल बंदराला लागायचा आणि तिथून पुढे घाटावर जायचा. बोरघाटाची वाट फार जुनी, पण ती लमाणांच्या तांड्यांची, पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांची. १८०४ च्या आसपास जनरल वेलस्लीने तोफा चढवण्याजोगी तिची डागडुजी करवली. गाड्या सर्रास चढू-उतरू लागल्या त्या मात्र १८३० मध्ये. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत त्या वर्षी बांधीव रस्ता खुला झाला. रस्ता झाला, गाड्या वाढल्या, आणि चाके मोडू लागली. घाट उतरून आलेल्या गाडीचे आरे ढिले झालेले असत, नव्या खेपेआधी ते ठाकठीक करणारा सुतार आणि लोहार बंदराशेजारीच हवा. दुरुस्ती करणारे हात हळूहळू नवी चाके घडवू लागले. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, पुढे कुलाब्यात गेले, आणि १८५२ साली त्याला नगरपालिका मिळाली. एवढ्या जुन्या नगरपालिका महाराष्ट्रात मोजक्याच.

या चाकाची घडण नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढे सव्वाशे वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या पोरांना जे प्रश्न पडले ते सगळे इथे आधीच पडून गेले होते.

मधोमध तुंबा. त्यातून निघणारे डझनभर आरे. आऱ्यांच्या टोकांवर तुकडे जोडून केलेला लाकडी घेर, आणि घेरावर लोखंडी धाव. तुंब्यातून आख जातो, आणि चाक निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला खीळ. लाकूड एकच चालत नाही. तुंब्याला चिवट, न चिरणारी बाभूळ चांगली, आऱ्यांना आणि घेराला तिवसासारखे, धक्का सोसणारे लाकूड. धाव मुद्दाम घेरापेक्षा थोडी लहान करायची, शेणीच्या जाळात लाल करून फुगवायची, सांडशीने धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, सगळे सांधे आवळून धरते. खिळ्यांनी जे काम झाले नसते ते तापण्या-निवण्याने होते.

विकत घेणाऱ्यालाही हे सगळे कळत असे. लाकूड पुरते वाळले आहे का, हा पहिला सवाल. ओल्या लाकडाचे चाक उन्हाळ्यात आकसते, धाव सैल होते आणि घाटाच्या मध्यावर आरे खुळखुळू लागतात. चाक आखावर चढवून फिरवायचे आणि डगडगते का ते बघायचे. प्रत्येक आऱ्यावर टिचकी मारायची, बसलेल्या आऱ्याचा आवाज भरीव येतो. मग धावेचा सांधा, मग वंगण राहायला जागा. आणि सगळ्यांत शेवटी गाडीवान विचारी की चाक कुठे चालवायचे, कारण भाताच्या बांधावरून पेंढा वाहायची गाडी वेगळी आणि घाट चढवायची वेगळी.

रेल्वेने हे सगळे बदलले. १८५६ मध्ये जी.आय.पी. रेल्वेचा फाटा खोपोलीपर्यंत पोहोचला, १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला, आणि दोन्ही वाटा कल्याणकडून गेल्या. पनवेल बाजूला पडले. तरी चाकांचा धंदा लगेच मेला नाही, कारण स्टेशनपासून गावापर्यंतचा माल गाडीनेच जायचा. गॅझेटियरची ती नोंद तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, म्हणजे घाटात आगगाडी धावू लागून चार दशके उलटल्यावरची. धंद्याला खरी घरघर लागली ती रबर आल्यावर. डांबरी रस्ते झाले तशी लोखंडी धाव रस्ता उखडते अशी ओरड सुरू झाली. धावेच्या जागी टायर आले, आखावर बेअरिंग बसले, आणि गावोगाव ‘डनलॉप गाडी’ दिसू लागली. बैल तेच, पण ओझे जवळपास दुप्पट. लाकडाचे आणि लोखंडाचे चाक घडवणाऱ्याच्या हाताला मग काम उरले नाही.

*

डनलॉप गाडीच्याच काळात महाराष्ट्रातल्या पोरांच्या हाती एक वाहन आले, त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. बेअरिंगची गाडी. गॅरेजमधून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगे, एक फळी, पुढे आडवे लाकूड, त्याला दोरी. मागे दोन बेअरिंगे, पुढे एक. उतारावर एकाने बसायचे, दुसऱ्याने ढकलायचे. लोखंड थेट डांबरावर घासायचे, त्यामुळे गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि दुपारी झोपलेली सगळी आळी शिव्या द्यायची. पुणे-चिंचवड, मुंबईच्या गिरण्यांचे भाग, कोल्हापूर, जिथे म्हणून कारखाने आणि गॅरेजे तिथे ही गाडी होतीच. चिंचवडला तर साठच्या दशकात स्वीडनच्या एसकेएफचा बेअरिंगचा कारखानाच आला. पनवेल तालुक्यात पुढे कळंबोलीला लोखंड-पोलादाचा बाजार आणि ट्रकचा तळ बसला, तेव्हा जुन्या बेअरिंगांना इथेही तोटा राहिला नाही.

या गाडीवर बसलेल्या पोराला निवड कळायची. ट्रकचे बेअरिंग मोठे, ते खड्ड्यावरून सहज जाते, पण जड. मोटारीचे हलके, पण खडीत अडकते. डिझेलमध्ये धुतलेले बेअरिंग छान पळते आणि आठवड्यात गंजते, ग्रीस भरलेले हळू पळते आणि टिकते.

पॅसिफिकच्या पलीकडे कॅलिफोर्नियात पन्नासच्या दशकात नेमके हेच चालले होते. रोलर स्केट मधोमध कापायची, दोन तुकडे फळीखाली ठोकायचे आणि सर्फिंगला लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावरून घसरत जायचे. १९६३ मध्ये लॅरी स्टीव्हन्सन या जीवरक्षकाने माकाहा नावाने स्केटबोर्ड विकायला काढले. चाके ‘क्ले’ची, म्हणजे चिकणमाती आणि इतर भरताड दाबून केलेली. ती रोलर स्केटच्या लाकडी रिंकवर ठीक होती. रस्त्यावर तीच चाके हाडे खिळखिळी करायची, बारीक खडा लागला की जागच्या जागी थांबायची आणि वरचा माणूस पुढे उडायचा. १९६५ मध्ये लाइफ मासिकाच्या मुखपृष्ठावर हातांवर उभी राहून बोर्ड चालवणारी पॅटी मॅगी झळकली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने या खेळाला आरोग्यावरचे नवे संकट ठरवले आणि शहरांनी धडाधड बंदी घातली. खेळ बुडाला तो मुलांच्या वेडेपणाने बुडाला असे तेव्हा लोकांना वाटले. दोष चाकांचा होता.

ते सिद्ध केले फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने. १९७० मध्ये व्हर्जिनियात मित्राच्या वडिलांच्या कारखान्यात त्याला भाड्याच्या रोलर स्केटसाठी केलेली पॉलियुरेथेनची चाके दिसली. स्केटवाल्यांना ती नको होती, कारण गुळगुळीत लाकडावर ती कमी पळायची. नॅसवर्दीने ती बोर्डाला लावून पाहिली. चाक खड्याला धडकायच्या ऐवजी त्याच्यावर दबून पुढे जात होते, वळणावर रस्ता धरून ठेवत होते. १९७२ पासून तो कॅलिफोर्नियात कॅडिलॅक नावाने ही चाके विकू लागला आणि मेलेला खेळ उठून बसला. पॉलियुरेथेन शोधले होते जर्मनीत ओटो बायरने, १९३७ मध्ये. त्याचा हा उपयोग त्याच्या स्वप्नातही नसणार.

धाव जाऊन टायर यावा तसे हे झाले, आणि टायरमागोमाग बेअरिंग आले तसेच इथेही. जुन्या चाकांत सुट्या गोळ्या असत. नट जरा ढिला झाला की गोळ्या रस्त्यावर आणि मुलगा त्यांच्या मागे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रोड रायडरच्या चाकांबरोबर बंद बेअरिंग आले. १९७५ मध्ये बेनेट आणि ट्रॅकर यांनी खास बोर्डासाठी ट्रक, म्हणजे वळणारे आख, काढले, १९७८ मध्ये इंडिपेंडंट आले. मागची शेपटी वर वळवण्याची कल्पना स्टीव्हन्सनची, पेटंटचा अर्ज १९६९ चा. त्या शेपटीवर पाय आपटून हात न लावता बोर्ड हवेत उचलण्याची युक्ती, जिला ‘ऑली’ म्हणतात, फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेल्फंडने १९७८ च्या सुमारास साधली. रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली.

इथून वाटा फुटल्या. उड्या मारणाऱ्यांचे बोर्ड आखूड, चाके बारीक आणि टणक होत गेली. हे स्ट्रीट बोर्ड. ज्यांना नुसते लांब, लाटेसारखे जायचे होते त्यांनी फळी लांब आणि चाके मोठी, मऊ ठेवली. हे लाँगबोर्ड. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सेक्टर नाइन निघाली आणि लाँगबोर्डाची स्वतंत्र बाजारपेठ तयार झाली. दोन्ही बोर्डांना आपल्याकडचे दुकानदार सर्रास ‘स्केटिंग बोर्ड’ म्हणतात. तिथूनच चुकीची खरेदी सुरू होते.

*

महाराष्ट्रात स्केटिंग म्हणजे दीर्घकाळ चाकांचे बूट. शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात संध्याकाळी शंकू मांडून फेऱ्या मारणारी मुले आणि कडेला पिशव्या सांभाळत बसलेल्या आया. बोर्ड आले ते परदेशातून परतलेल्या मामाच्या सामानातून, नाहीतर खेळण्यांच्या दुकानातून. पुढे डेकॅथलॉनच्या दुकानांत ऑक्सेलोचे बोर्ड मिळू लागले आणि मध्यमवर्गीय घराला हात लावून, उभे राहून बघण्याजोगे पहिले बोर्ड सापडले. बेंगळुरूच्या होलीस्टोक्ड मंडळींनी स्वतः काँक्रीट ओतून पार्क बांधायला सुरुवात केली. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार या खेड्यात उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी पार्क उभा केला. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. नवी मुंबईत नेरूळला आणि मुंबईत कार्टर रोडला आता स्केटपार्क आहेत.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ च्या जुलैत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आले, आणि जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक घेतले. पुढच्याच वर्षी गुजरातमधल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवून दिले. त्यानंतर बोर्ड मागणारे पोर म्हणजे वाया चाललेले पोर, असे म्हणणे पालकांना जरा जड जाऊ लागले.

आणि विचुंबे?

नवीन पनवेलच्या कडेला लागलेले हे गाव. शेजारी उसर्ली, देवद, सुकापूर. भातशेती आणि वीटभट्ट्यांच्या या पट्ट्यात आता सात-सात मजली इमारती आहेत. ग्रामपंचायत आहे, आणि नियोजन सिडकोचे. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रासाठी सिडकोने पहिला अंतरिम आराखडा तेवीस गावांचा केला, त्यात विचुंबे होते. १९९८ मध्ये लोकल पनवेलला पोहोचली आणि मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे इथवर आली. त्यांची मुले आता बोर्ड मागण्याच्या वयात आहेत.

इथल्या रस्त्याची जात एक नाही. इमारतीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, फाटकाबाहेर काँक्रीट, पुढे डांबर, मग बांधकामाच्या डंपरांनी सांडलेली खडी, मग गतिरोधक, तोही सरकारी मापाचा असेलच असे नाही. तालुक्यातला सगळ्यांत गुळगुळीत रस्ता कळंबोलीला सुरू होतो, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी जाणाऱ्यालाही मनाई आहे, बोर्डाचे तर नावच काढायला नको. तेव्हा घाटवाटेच्या गाडीवानाचा जुना सवालच पहिला येतो, चाक कुठे चालवायचे.

यात थोडे गणित आहे आणि ते मोबाइलवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा उपयोगी आहे. रस्त्यावर १० मिलिमीटर उंचीचा, जागचा न हलणारा खडा आहे असे धरू. स्ट्रीट बोर्डाचे चाक साधारण ५२ मिलिमीटर व्यासाचे असते. ते खड्यावर हळूच चढवायचे तर त्या चाकावर जेवढे वजन आहे त्याच्या सव्वापटीहून थोडा अधिक आडवा जोर लागतो. लाँगबोर्डाच्या ७० मिलिमीटरच्या चाकाला जवळपास वजनाएवढा. आणि चार फुटी बैलगाडीच्या चाकाला वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. हा हिशोब टणक चाकाचा आहे. मऊ युरेथेन खड्यावर दबते, त्यामुळे त्याला आणखी सूट मिळते. पनवेलचा सुतार हे समीकरण मांडत नव्हता, तरी चाक मोठे का करायचे हे त्याला पक्के माहीत होते.

मऊपणा मोजतात शोरच्या अ मापावर. स्ट्रीटची चाके ९९ ते १०१, लाँगबोर्डची ७८ ते ८३. स्केटपार्कच्या घोटलेल्या काँक्रीटवर १०१ चे चाक वाऱ्यासारखे जाते. तेच पेव्हर ब्लॉकवर आणले की दातांचे फिलिंग हलते. व्हिडिओत बघून विचुंब्यातला मुलगा ५२ मिलिमीटर, १०१ ची चाके मागवतो आणि आठवड्यात बोर्ड माळ्यावर जाते. आई-वडील म्हणतात, चिकाटी नाही पोराला. खरे तर त्याला १९६५ सालचीच शिक्षा मिळालेली असते. ज्याला उड्या शिकायच्या आहेत पण रोजचे मैदान सोसायटीचे आवार आहे, त्याने ५४ ते ५६ मिलिमीटरचे, ऐंशीच्या आसपास मऊ चाक घ्यावे. उड्या थोड्या जड जातील, चालेल. नेरूळला जायच्या दिवशी टणक चाके बदलून लावता येतात. दर चाकाला दोन बेअरिंगे आणि एक नट, दहा मिनिटांचे काम.

चाक युरेथेनचे आहे की नुसत्या प्लास्टिकचे, हे ओळखायला फरशीवर कमरेच्या उंचीवरून टाकून बघावे. युरेथेन टणकन उसळते, स्वस्त प्लास्टिक मेल्यासारखे पडते. सुटे चाक हातात द्यायला दुकानदार तयार नसेल, तर ते दुकान खेळण्यांचे आहे असे समजावे.

बेअरिंगबद्दल मात्र बाजारात निव्वळ थापा चालतात. बोर्डाच्या चाकात जे बसते ते ६०८ क्रमांकाचे, आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. विजेच्या मोटारींत, ड्रिल मशीनमध्ये हेच असते. पनवेलच्या बेअरिंगच्या दुकानात ‘सिक्स झिरो एट’ म्हटले की काउंटरवर येते. जाहिरातीत मात्र ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ अशी बिरुदे मिरवतात आणि आकडा चढेल तशी किंमतही चढते. अमेरिकेतल्या बेअरिंग अभियंत्यांच्या समितीने ठरवलेली ही श्रेणी मापांच्या अचूकतेची आहे. बेअरिंग धूळ किती सोसेल, उडीनंतरचा आडवा धक्का किती सोसेल, याचा तीत विचारच नाही. ७० मिलिमीटरचे चाक ताशी २० किलोमीटरने चालले तर मिनिटाला दीड हजार फेरे होतात. चांगल्या कंपनीचे साधे ६०८ मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेऱ्यांसाठी बनवलेले असते. मग एबेक ९ चा उपयोग काय? बाटलीवरच्या लेबलाएवढाच. जून ते सप्टेंबर कोकणात पाणी आणि चिखल बेअरिंगचा जीव घेतात. तेव्हा रबरी झाकणाचे, झाकण काढून धुता येणारे बेअरिंग घ्यावे, आणि भिजले की त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावे. चाक बोटाने फिरवून ते किती वेळ फिरते हे दाखवणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावे. बिनवजनाचे चाक कोरड्या, स्वस्त बेअरिंगवरही बराच वेळ फिरते.

ट्रक धातूचा हवा, एवढी एक अट पाळली तरी निम्मा बाजार गळतो. खेळण्यातल्या बोर्डांचा ट्रक प्लास्टिकचा असतो किंवा इतका हलका ओतीव की वळतच नाही. बोर्डावर उभे राहून एका कडेवर झुकावे, चाके त्या बाजूला वळली पाहिजेत. न वळणारे बोर्ड म्हणजे ओढगाडी. आखाची रुंदी फळीच्या रुंदीएवढी असावी. ८ इंची फळीला ८ इंची आख. स्ट्रीटच्या ट्रकमध्ये मधला मोठा बोल्ट आतल्या बाजूला, फळीच्या मध्याकडे तोंड करून असतो, लाँगबोर्डाच्या ट्रकमध्ये बाहेरच्या बाजूला. लाँगबोर्डाचा ट्रक त्यामुळे सावकाश, खोल वळतो आणि वेगात थरथरत नाही. त्या बोल्टभोवतीचे युरेथेनचे गट्टू, म्हणजे बुशिंग, हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. चाळीस किलोच्या मुलीला आणि ऐंशी किलोच्या बापाला एकच बुशिंग चालत नाही. तिला मऊ, त्याला कडक. एवढे बदलले की तेच बोर्ड वेगळे वाटते.

लाकडाकडे येताना पुन्हा तुंब्या-आऱ्यांचा विचार करावा लागतो. चांगली फळी शुगर मेपलच्या सात पातळ थरांची असते, काहींची शीर उभी, काहींची आडवी, म्हणजे ती लांबीत ताठ राहते आणि रुंदीत चिरत नाही. थंड मुलखातले हे झाड सावकाश वाढते, म्हणून त्याचे तंतू दाट. लाँगबोर्डात बांबूही वापरतात, कारण तो लवतो आणि परत येतो. कोकणाच्या हवेत फळीचा वैरी ओल. थर ज्या गोंदाने चिकटवतात तो पाण्यात टिकत नाही, कडा फुगतात, फळी पिळते. नवे असो वा जुने, बोर्ड सपाट फरशीवर ठेवून चारही चाके टेकतात का ते बघावे. एक अधांतरी असेल तर एकतर ट्रक वाकडा किंवा फळी पिळलेली. जुन्या बोर्डाची शेपटी घासून वस्तऱ्यासारखी झाली नाही ना, ट्रकच्या आठ बोल्टांभोवती केसाएवढ्या चिरा नाहीत ना, हे उजेडात बघावे. आणि फळीवर बोटाच्या सांध्याने टिचकी मारावी. थर सुटले असतील तर आवाज पोकळ येतो.

विचुंब्याच्या पंचक्रोशीत वाहन पारखणारी माणसे आजही आहेत, फक्त त्यांचे वाहन वेगळे. रायगडात बैलगाडा शर्यतींचे वेड मोठे. या शर्यतींतले बडे प्रस्थ मानले गेलेले पंढरीशेठ फडके याच पनवेल तालुक्यातल्या विहिघरचे, २०२४ मध्ये ते वारले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यतीचा छकडा बघितला तर तो ओझ्याच्या गाडीचा कुणीच लागत नाही असे वाटते. हलका, आखूड, पळण्यापुरता. ओझ्याच्या गाडीला शर्यतीत कुणी जुंपत नाही आणि छकड्यावर कुणी भाताच्या गोण्या लादत नाही. हेच तारतम्य बोर्डाच्या दुकानात दाखवले तर बरेच पैसे वाचतील. उड्यांना एक, लांब जाण्याला दुसरे. दोन्हीला चालेल असे म्हणून विकले जाते ते बहुधा दोन्हीला चालत नाही.

आणखी एक खर्च लोक बोर्डानंतर करू म्हणतात आणि मग करत नाहीत. हेल्मेट. ते आधी घ्यावे, बोर्ड महिनाभर पुढे ढकलावे लागले तरी. मनगटाचे पट्टेही, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा लावावा. खेळण्यातल्या नव्या बोर्डापेक्षा चांगल्या बनावटीचे जुने बोर्ड. रंगीत फळीपेक्षा साधी फळी आणि धातूचा ट्रक. एबेकच्या आकड्यापेक्षा रस्त्याला साजेसे चाक. फळीच्या पोटावरच्या चित्राला एक पैसाही जादा देऊ नये, पहिल्याच महिन्यात ते घासून जाते.

राहता राहिला रस्ता, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. ‘नैना’च्या नगररचना योजनांत खेळाची मैदाने आणि बागा यांसाठी भूखंड राखलेले आहेत. त्यांतल्या एखाद्या बागेच्या कोपऱ्यात घोटलेल्या काँक्रीटचा पन्नास बाय पन्नास फुटांचा ओटा झाला तर विचुंबे, उसर्ली, देवद आणि सुकापूरच्या मुलांना नेरूळची लोकल पकडावी लागणार नाही. त्याला रॅम्प नको, रोषणाई नको, उद्घाटनाचा मंडपही नको, फक्त पृष्ठभाग सपाट आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. विचुंब्याच्या पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी लेखी मांडावा.